जुने टीव्ही गेम आणि वर्गणीतले नवे कन्सोल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, सगळीकडची मंडळी तेच प्रश्न फिरवून फिरवून विचारायलेत म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. मी उद्यमबागेत प्लास्टिक मोल्डिंगच्या शेडमध्ये काम करतो आणि संध्याकाळी हौस म्हणून जुने टीव्ही गेम दुरुस्त करतो, त्यामुळं उत्तरं थोडी त्या नजरेची आहेत. पटलं तर घ्या.

लहानपणी घरात जो टीव्ही गेम होता तो ओरिजिनल निन्टेन्डो होता काय?

बहुतेकांचा नव्हता. निन्टेन्डोनं जपानात जुलै १९८३ मध्ये फॅमिकॉम काढला, लाल-पांढरा, आणि तोच १९८५ ला वेगळ्या डब्यात घालून अमेरिकेत एनईएस म्हणून विकला. आपल्या गल्लीत जे आले ते त्या फॅमिकॉमच्या नकला. खोक्यावर लिटल मास्टर, मीडिया, टर्मिनेटर असली काहीबाही नावं. त्यातला जरा उशिराचा सेट खोलून बघा, बोर्डावर मधोमध काळ्या इपॉक्सीचा एक थेंब दिसेल, त्या थेंबाखाली अख्खा फॅमिकॉम एका चिपमध्ये बसवलेला असतो. बाकी बोर्ड जवळजवळ मोकळाच.

खात्री करायची असेल तर कॅसेटच्या पिना मोजा. फॅमिकॉम आणि त्याच्या नकलांची कॅसेट ६० पिनांची, अमेरिकेतल्या एनईएसची ७२ पिनांची. परदेशातल्या पाहुण्यांकडून एनईएसची कॅसेट मागवाल तर ती आपल्या सेटात बसणारच नाही, अॅडॉप्टर लागतो.

आणि नक्कल होता म्हणून वाईट वाटून घेऊ नका, मजा काय डुप्लिकेट नव्हती.

९९९९९९९ इन १ कॅसेटमध्ये खरंच तेवढे गेम असायचे?

नाही हो. आत गेम मोजकेच, बाकी सगळी त्यांचीच नावं बदलून केलेली यादी. एका नावानं मारिओ पहिल्या लेव्हलपासून, दुसऱ्या नावानं तिसऱ्या लेव्हलपासून, तिसऱ्या नावानं कॉन्ट्रा जास्त लाइफ देऊन. पण ही गोष्ट डोक्यात ठेवा कारण आज 'दहा हजार गेम' म्हणून जी खोकी विकायलेत त्यांचा हिशोब पण असाच आहे. खाली येईल त्याचं.

माझ्या आठवणीतला मारिओ निवांत पळायचा, नव्या कन्सोलवर भसाभस पळतोय. माझं वय झालं की काय?

वय झालंच असेल, पण कारण वेगळं आहे. जपान-अमेरिकेची टीव्ही पद्धत एनटीएससी, सेकंदाला ६० वेळा चित्र. आपली पाल, ५० वेळा. फॅमिकॉमचे गेम चित्राच्या ठोक्यावर चालतात, आणि आपल्याकडच्या बहुतेक नकला पालसाठी केलेल्या होत्या, त्यामुळं ६० च्या जागी ५० ठोके, म्हणजे गेम आणि त्याचं म्युझिक दोन्ही सहाला पाच या प्रमाणात हळू. नवे कन्सोल आणि इम्युलेटर (जुन्या मशीनची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) गेम ६० वरच चालवतात, तोच खरा स्पीड. इम्युलेटरच्या सेटिंगमध्ये पाल किंवा डेंडी असा पर्याय असतो (डेंडी हा रशियातला असाच नकली सेट), डेंडी निवडून बघा, लगेच ओळखीचं वाटेल.

हे सांगायचं कारण म्हणजे नॉस्टॅल्जियाच्या नावावर जे काही विकतात त्यातलं बरंचसं अमेरिकेतल्या, इंग्लंडमधल्या माणसाच्या लहानपणाचं असतं. अटारी, इंटेलिव्हिजन, स्पेक्ट्रम, कोलेको, हे सगळे तिकडचे जुने कन्सोल-कंप्युटर. शहापूर-वडगावच्या पोरानं यातलं एक तरी घरात बघितलं होतं काय? आपण भाड्यानं सेट आणून सुट्टीत खेळलोय ते कॉन्ट्रा, टँक, रोड फायटर आणि अॅडव्हेंचर आयलंड. मग तीनशे डॉलरला कुणाची आठवण विकत घ्यायची?

माळ्यावर जुना सेट सापडलाय. लावून बघू काय?

थांबा. आधी अॅडॉप्टर बघा. सगळ्यात जास्त सेट याच पायी जातात.

बहुतेक नकली सेट ९ व्होल्ट डीसीवर चालतात, पण पिनेच्या आत प्लस की बाहेर प्लस हे सेटागणिक वेगळं असतं. जपानी फॅमिकॉमला आत मायनस आणि बाहेर प्लस लागतं, बऱ्याच नकलांना उलटं. सेटाच्या पाठीमागं किंवा बुडाला छोटं गोल चिन्ह असतं, त्यावर लिहिलेलं असतं. ते पुसलं गेलं असेल तर अंदाजानं राउटरचा अॅडॉप्टर घुसवू नका, सेट खोला आणि मल्टिमीटरनं बघा. आत तीन पायांचा ७८०५ नावाचा रेग्युलेटर बहुतेक मिळेल, त्याचा मधला पाय ग्राउंड, तिथून सॉकेटपर्यंत माग काढता येतो. त्या रेग्युलेटरच्या बाहेर ५ व्होल्ट आले तर निम्मी लढाई जिंकली. जुना ट्रान्सफॉर्मरवाला जड अॅडॉप्टर असेल तर तो मोकळा मोजला की ९ च्या जागी १२-१३ व्होल्ट दाखवतो, घाबरू नका, लोड आला की उतरतो.

मग कॅसेट. फुंकर मारायची नाही. तोंडातल्या ओलाव्यानं तांब्याच्या पट्ट्यांवर गंज चढतो. फुंकल्यावर गेम सुरू व्हायचा तो परत काढून घातल्यामुळं, फुंकरीमुळं नव्हे. कानकोरणीच्या कापसाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पट्ट्या पुसा, कापूस काळा निघेल, पांढरा निघेपर्यंत पुसत राहा, वाळू द्या. सेटाच्या आतला कॅसेटचा स्लॉट पण तसाच काळा असतो, पातळ पुठ्ठ्याला कापड गुंडाळून अल्कोहोलमध्ये भिजवून वर-खाली करायचं. आपल्याकडं जून ते सप्टेंबर जी दमट हवा असते त्यात माळ्यावरचा सेट हमखास असा होतो, खानापूरकडचे तर विचारूच नका.

तरी चित्र आलं नाही तर कपॅसिटर बघा, डोकं फुगलेला किंवा बुडाला चिकट झालेला असेल तर बदला, दोन-पाच रुपयांचा माल आहे.

नव्या एलईडी टीव्हीला जोडायचा कसा?

सेटाला पिवळी-पांढरी पिन असेल तर टीव्हीचा एव्ही इनपुट वापरा, हल्ली तो हेडफोनसारख्या एकाच भोकात असतो, टीव्हीबरोबर आलेली छोटी वायर लागते. फक्त अँटेनाची वायर असेल तर टीव्हीत अॅनालॉग ट्यूनिंग करून चॅनेल शोधावं लागेल. एव्ही टू एचडीएमआय डबी स्वस्तात मिळते, चालते, पण बटण दाबणं आणि मारिओची उडी यात थोडा उशीर येतो. कुठं जुना डबा टीव्ही फुकट देत असतील तर नाही म्हणू नका.

आणि बंदूक? बदकं मरेनात.

मरणारच नाहीत. ट्रिगर ओढला की गेम क्षणभर पडदा काळा करतो आणि फक्त बदकाच्या जागी पांढरा चौकोन काढतो, बंदुकीतला सेन्सर तेवढ्यात उजेड दिसला का बघतो. हे सगळं पिक्चर ट्यूबच्या टीव्हीच्या वेगावर बसवलेलं आहे. एलईडी टीव्ही चित्र थोडं उशिरा दाखवतो, तोवर सेन्सरची वेळ संपलेली असते. बंदूक बिघडलेली नाही, टाकू नका भंगारात.

क्राउडफंडिंग म्हणजे अॅडव्हान्स बुकिंगच ना?

इथंच घोळ आहे. क्राउडफंडिंग म्हणजे वर्गणी, वस्तू बनायच्या आधीच नेटवर लोकांकडून पैसे गोळा करायचे. गणपती मंडळाची पोरं पावती पुस्तक घेऊन दारात येतात तेव्हा आपण मूर्ती विकत घेत नसतो, कार्यक्रम व्हावा म्हणून पैसे देतो. फरक एवढाच की मंडळाचा अध्यक्ष आपल्या गल्लीतला असतो, खर्चाचा कागद मंडपात लागतो, आणि गणपती चतुर्थीलाच बसतो, 'पुरवठादाराच्या अडचणीमुळं' पुढच्या मार्चला बसत नाही.

किकस्टार्टर ही असली वर्गणी गोळा करायची वेबसाइट स्वतःच सांगते की आम्ही दुकान नाही. बनवणाऱ्यानं वस्तू द्यायचा प्रयत्न करायचा, नाही जमलं तर पैशाचं काय झालं ते सांगायचं आणि उरलेले पैसे परत द्यायची तयारी दाखवायची, इतकंच बंधन. वस्तू मिळण्याची गॅरंटी किकस्टार्टर देत नाही.

किकस्टार्टर आणि इंडीगोगो यात काय फरक?

किकस्टार्टरवर ठरवलेली रक्कम पूर्ण जमली तरच कार्डावरून पैसे कापतात, नाहीतर कुणाचेच नाहीत. इंडीगोगो या दुसऱ्या तसल्याच साइटवर बनवणाऱ्याला असा पर्याय घेता यायचा की जेवढे जमले तेवढे त्याचे, लक्ष्याच्या निम्मे सुद्धा नसले तरी. आता निम्म्या पैशात कन्सोल कसा होणार हा विचार तुम्ही करायचा. शिवाय सप्टेंबर २०१२ पासून किकस्टार्टरनं हार्डवेअरसाठी नियम केला की कंप्युटरवर काढलेली खऱ्यासारखी चित्रं चालणार नाहीत, चालणारा नमुना दाखवा.

पैसे घेऊन कन्सोल आलाच नाही असं खरंच झालंय, की लोक उगाच बोंब मारतात?

झालंय. तीन सांगतो, तिन्ही वेगळ्या तऱ्हेची.

पहिलं कोलेको कॅमेलिऑन. आधी त्याचं नाव रेट्रो व्हीजीएस होतं. २०१५ ला इंडीगोगोवर १९ लाख ५० हजार डॉलर मागितले, जमले साधारण ६३ हजार. मग कोलेकोचं जुनं नाव लावून परत आले. फेब्रुवारी २०१६ ला न्यूयॉर्कच्या टॉय फेअरमध्ये नमुना मांडला, गेम पण चालत होते. पण बघणाऱ्यांनी पाठीमागचे पोर्ट बघितले आणि म्हणाले अरे हा तर सुपर निन्टेन्डोचा बोर्ड आत घातलाय. मग कंपनीनं पारदर्शक डब्यातल्या दुसऱ्या नमुन्याचा फोटो टाकला. लोकांनी झूम करून करून ओळखलं की आतला हिरवा बोर्ड म्हणजे सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग करायचं जुनं पीसीआय कार्ड! कोलेको नावाच्या मालकांनी इंजिनिअर पाठवून तपासायला मागितलं, ते काही झालं नाही, मार्च २०१६ ला त्यांनी नाव काढून घेतलं आणि किकस्टार्टर सुरू व्हायच्या आधीच सगळं बंद पडलं. यात लोकांचे पैसे वाचले ते फक्त चार चिकित्सक माणसांनी फोटो नीट बघितला म्हणून.

यात मला सगळ्यात भावलेली गोष्ट सांगू काय, त्यांच्याकडं डब्याचा मोल्ड, म्हणजे प्लास्टिकचा साचा, मात्र खरा होता. अटारीच्या जॅग्वार कन्सोलचा मोल्ड आधी दातांच्या डॉक्टरांची उपकरणं करणाऱ्या एका कंपनीनं घेतला होता, तिच्याकडून यांनी घेतला. म्हणजे डबा आहे, आत घालायला काही नाही.

दुसरं स्पेक्ट्रम वेगा प्लस, हातात धरायचा. २०१६ ला इंडीगोगोवर ५ लाख पौंडांच्या वर जमले, मूळ स्पेक्ट्रमवाल्या क्लाइव्ह सिंक्लेअर यांचं नाव होतं, आणि याच कंपनीचा आधीचा वेगा लोकांच्या हातात पोचला होता. म्हणजे नाव चांगलं, अनुभव आहे, शंका घ्यायला जागा नाही. तरी डायरेक्टर लोकांची भांडणं, कोर्टकचेऱ्या, आणि दोन वर्षं नुसत्या तारखा. २०१८ ला थोड्या लोकांना जे मिळालं ते तकलादू, हजार गेम सांगितले होते त्याच्या जवळपास पण नव्हते. फेब्रुवारी २०१९ ला कंपनी गुंडाळली.

तिसरं इंटेलिव्हिजन अमिको. २०१८ ला जाहीर, १०/१०/२०२० ही तारीख मोठ्या झोकात दिली. काहींनी १०० डॉलर भरून बुकिंग केलं, काहींनी गुंतवणूक म्हणून पैसे घातले. तारीख पुढं, पुढं, अजून पुढं. फेब्रुवारी २०२२ ला टॉमी टॅलरिको सीईओपदावरून बाजूला झाले. नोव्हेंबर २०२३ मध्ये कन्सोलऐवजी मोबाइलचं अॅप आलं. मे २०२४ ला अटारीनं इंटेलिव्हिजन हे नाव विकत घेतलं. नाव विकलं गेलं, ज्यासाठी पैसे भरले तो कन्सोल काही दुकानात आला नाही.

पहिल्यात यंत्र नव्हतं, दुसऱ्यात माणसं आपसात फाटली, तिसऱ्यात पैसा बोलण्यातच संपला. तिघांच्याही जाहिरातीत लहानपण भरपूर होतं, बोर्डाचा एक स्वच्छ फोटो शोधायला गेलं तर मिळायची पंचाईत.

मग सगळेच चोर म्हणायचे काय?

नाही नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या व्हार्टनमधले इथन मॉलिक यांनी २०१५ ला किकस्टार्टरच्या पैसे जमलेल्या प्रकल्पांचा अभ्यास केला, वस्तू देऊ न शकलेले ९ टक्के निघाले. म्हणजे बहुतेक देतात. पण त्यांच्याच आधीच्या अभ्यासात डिझाइन आणि टेक्नॉलॉजीच्या प्रकल्पांत चारातले तीन उशिरा आले होते.

स्पेक्ट्रम नेक्स्ट बघा. २०१७ ला किकस्टार्टरवर ७ लाख २३ हजार पौंड जमले, द्यायचा होता २०१८ च्या सुरुवातीला, आला फेब्रुवारी २०२० ला. दोन वर्षं उशीर, मधेच डिझायनर रिक डिकिन्सन वारले, ज्यांनी १९८२ च्या मूळ स्पेक्ट्रमचा डबा काढला होता. कीबोर्डनं तर जीव खाल्ला. पण या दोन वर्षांत काय बिघडलंय, कुठं अडलंय हे सांगत राहिले, बोर्ड तर डबा यायच्या आधीच लोकांच्या हातात होते. आलेली वस्तू इतकी चांगली की दुसऱ्या वेळेला लोकांनी १८ लाख पौंड दिले.

जुन्या कमोडोर ६४ कंप्युटरची नवी नक्कल द सी६४ पण असाच, २०१६ ला वर्गणी, २०१८ ला मिनी आला, खऱ्या कीबोर्डचा मोठा २०१९ च्या डिसेंबरात. अटारी व्हीसीएसला २०१८ मध्ये ३० लाख डॉलरच्या आसपास मिळाले, वर्गणीदारांना २०२० च्या शेवटी पोचायला लागला, मधे त्याचा मुख्य आर्किटेक्ट सोडून गेला. आला, पण घेऊन काय करायचं हा प्रश्न राहिलाच.

आणि ओयाचा धडा वेगळाच. २०१२ ला जवळपास ८६ लाख डॉलर जमले, ९९ डॉलरचा कन्सोल, २०१३ ला आला पण. वेळेवर म्हणावा असाच. पण गेम सगळे त्यांच्या सर्व्हरवरून. २५ जून २०१९ ला सर्व्हर बंद, आणि सर्व्हरला विचारल्याशिवाय न चालणारे गेम त्या दिवशी गेले. आपली ९९९९९९९ इन १ अजून चालते मर्दा!

एवढा उशीर कशानं होतो? डबा आणि बोर्डच तर आहे.

हा प्रश्न उद्यमबागेत विचारू नका, हसतील. डबा वरचा-खालचा, बटणं, कंट्रोलर, बॅटरीचं झाकण, प्रत्येकाला मोल्ड लागतो. मोल्डचं स्टील कापलं की पहिली ट्रायल कधीच बरोबर येत नाही, कुठं सिंक मार्क (प्लास्टिक आत ओढून पडलेला खळगा), कुठं झाकण बसेना, कुठं बटण अडकतं. मग मोल्ड परत टूलरूमला, परत ट्रायल. एका बाजूला स्टील कमी करणं सोपं असतं पण जास्त कापलं गेलं तर वेल्डिंग करून परत मशिनिंग. मोल्डचा खर्च नगावर पसरतो, त्यामुळं तीन हजार नग आणि तीन लाख नग यांच्या भावात जमीन-अस्मानाचा फरक. छोट्या ऑर्डरला फॅक्टरी मशीन पण लवकर देत नाही, मोठ्या गिऱ्हाइकाचा माल आला की तुमचा मोल्ड रॅकवर.

वर चिपचा तुटवडा, सर्टिफिकेशन, लिथियम बॅटरी असेल तर विमानानं पाठवायचे नियम. हे ज्याला माहीत आहे तो सहा महिन्यांत देतो म्हणत नाही. म्हणून 'सहा महिन्यांत घरपोच' असं वाचलं की मला कॅम्पेनवाल्यानं शॉपफ्लोअर बघितलाय की नाही हीच शंका येते.

तू कॅम्पेन बघताना नेमकं काय बघतोस?

व्हिडिओ आवाज बंद करून बघतो. म्युझिक आणि 'आठवतंय का ते दिवस' काढून टाकलं की काय उरतं ते दिसतं.

मग बोर्ड. डब्याबाहेर काढलेला, वायर लावलेला, टीव्हीवर गेम चालवणारा बोर्ड, एकाच शॉटमध्ये, कट न करता. टेबलाखालून वायर जात असेल तर पुढं वाचत नाही. मग मोल्डचं विचारायचं: झालाय की व्हायचाय, ट्रायलचे नग कुठं आहेत, थ्रीडी प्रिंट दाखवून 'तयार आहे' म्हणतायत का. थ्रीडी प्रिंटवर जवळून बारीक रेघा दिसतात, रंग मारला तरी कडेला दिसतात.

मग पैसे. जेवढे मागितलेत त्यात होणार काय? फार थोडे मागितले तरी मला भीती वाटते, ते नुसतं 'पहिल्या तासात लक्ष्य पूर्ण' म्हणून मिरवायला असतं. गेमची लायसन्स कुणाकडून घेतलीत ते नावानिशी लिहिलंय का. आणि कमेंटमध्ये सरळ प्रश्नाला सरळ उत्तर देतात की प्रश्न विचारणाऱ्याला 'हेटर' म्हणतात. भक्त गोळा करायला लागले की समजायचं मालात काही नाही.

एफपीजीए म्हणजे खरा आणि इम्युलेशन म्हणजे खोटा, असं म्हणतात ते?

जाहिरातवाले म्हणतात. इम्युलेटर म्हणजे आजच्या प्रोसेसरवर जुन्या मशीनची नक्कल करणारं सॉफ्टवेअर. एफपीजीए म्हणजे अशी चिप की जिच्या आतलं सर्किट पाहिजे तसं मांडता येतं, मग त्यात जुन्या मशीनचं सर्किटच उभं करतात. नीट केलं तर उशीर फार कमी. पण ते मांडणारा माणूस चांगला पाहिजे, नुसतं एफपीजीए शब्दानं काय होत नाही. सोनीसारख्या कंपनीनं २०१८ ला प्लेस्टेशन क्लासिक काढला त्यात पण ओपन सोर्स इम्युलेटरच होता की. ज्यांना एफपीजीएची खरंच हौस आहे त्यांच्यासाठी मिस्टर नावाचा ओपन प्रकल्प आहे, डीई१०-नॅनो नावाच्या तयार बोर्डवर चालतो, वर्गणी न भरता आज विकत मिळतो. मारिओ आणि कॉन्ट्रासाठी त्याची गरज नाही, जुन्या लॅपटॉपवर सुद्धा ते झोपेत चालतात.

दहा हजार गेमवाला स्वस्त हँडहेल्ड घेऊ काय?

घ्या, पण आलेलं एसडी कार्ड पहिल्या दिवशी कॉपी करून चांगल्या कंपनीच्या कार्डावर टाका. मशीन बऱ्यापैकी असते, कार्ड रद्दी असतं. गेम चालू असताना बटण दाबून फटकन बंद करू नका, मेनूतून बंद करा, आणि टीव्हीला लावायच्या डबीला लाइट जाण्याचा धोका असतो तेव्हा गावाकडं असाल तर पॉवर बँकवर चालवा. गेमच्या यादीत एकच गेम जपानी, अमेरिकन, युरोपियन असा तीनदा असतो.

आणि ते गेम कायदेशीर असतात?

नाहीत, बहुतेक. इम्युलेटर बनवणं चालतं, अमेरिकेत सोनीनं कनेक्टिक्स कंपनीवर केलेल्या केसमध्ये २००० साली अपील कोर्टानं सोनीच्या विरुद्ध निकाल दिला होता. गेमची कॉपी ही वेगळी गोष्ट. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात स्वतःच्या कायदेशीर प्रोग्रॅमची बॅकअप कॉपी करायला मुभा आहे, नेटवरून दुसऱ्याची उतरवायला नाही. 'जुना झाला म्हणून फ्री झाला' असं काही नसतं, १९८५ चा मारिओ २०४५ पर्यंत तरी फ्री होत नाही.

परदेशातल्या कॅम्पेनला इथून पैसे भरले तर पार्सल बेळगावला येतं काय?

येतं, भारतात पाठवतो असं त्यांनी लिहिलं असेल तर. आधी कार्डावर इंटरनॅशनल व्यवहार बँकेच्या अॅपमधून चालू करावा लागतो, नव्या कार्डांवर तो बंदच असतो. शिपिंग नंतर वेगळं मागतात. मग कस्टम ड्युटी आणि जीएसटी, कुरिअरवाला केवायसीचे कागद मागतो. ९९ डॉलरचा कन्सोल म्हणून सुरुवात केली तरी दारात येईपर्यंत आकडा बघून बायको काय म्हणेल ते आधी ठरवून ठेवा. पत्ता इंग्रजीत लिहा, पिनकोड बरोबर टाका.

पैसे अडकलेत. आता?

बँकेला चार्जबॅक (कार्डावरून गेलेले पैसे परत) मागता येतो पण त्याला काही महिन्यांचीच मुदत असते, आणि कन्सोलवाले पहिली तारीख चुकवतात तोवर ती उलटून जाते. म्हणूनच ते 'अजून थोडं थांबा' म्हणतात. त्यामुळं पैसे भरले त्याच दिवशी बँकेची मुदत विचारून कॅलेंडरवर लिहून ठेवा. सगळे अपडेट, मेल, पावत्या सेव्ह करा. इथल्याच कुणी ऑनलाइन विक्रेत्यानं पैसे घेऊन सेट दिला नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५, सरळ फसवणूक असेल तर सायबर हेल्पलाइन १९३०, तिथं लगेच फोन करा, दोन दिवस विचार करत बसू नका. परदेशातली कंपनी बुडाली असेल तर रांगेत तुमचा नंबर शेवटचा, बँका आणि सरकार आधी.

माझ्याकडं जुना सेट आहे, विकला तर लाख येतील काय? नेटवर तसं बघितलंय.

नेटवर माणूस मागतो तो आकडा असतो, मिळाला तो नव्हे. परदेशात लाखात जातात त्या सीलबंद ओरिजिनल कॅसेट. आपल्या नकली सेटाला खोकं, थर्मोकोल, दोन्ही कंट्रोलर, बंदूक असं सगळं असेल तर हौशी माणूस बऱ्यापैकी देतो. नुसता सेट असेल तर पोरांना द्या.

कॉन्ट्राच्या तीस लाइफचा कोड चालेना.

टायटल स्क्रीनवर: वर, वर, खाली, खाली, डावं, उजवं, डावं, उजवं, बी, ए, स्टार्ट. दोघं खेळणार असाल तर स्टार्टच्या आधी सिलेक्ट. नकली कंट्रोलरला चार बटणं असतात, त्यातली वरची दोन टर्बोची, ती दाबली की एका दाबात बी तीन-चार वेळा जातं आणि कोड फसतो. खालची दोन वापरा. तरीही चालेना तर तुमच्या कॅसेटमध्ये आधीच तीस लाइफवाली कॉपी असेल, मेनूत खाली सरकून दुसरा कॉन्ट्रा लावून बघा.